मामा तलावावरून सेशेल्सला, मध्ये सहा महिने

बाबू, तुझा निरोप दोनदा वाचला. लहानपणापासून गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर गरी टाकतोस, पण फ्लाय रॉड कधी हातात धरला नाहीस. पुण्याच्या ऑफिसातल्या दोस्तांनी नोव्हेंबरात सेशेल्सच्या एका बेटावरच्या लॉजमध्ये सहा दिवसांचं बुकिंग केलं, त्यातला एक जण गळला आणि ती जागा ते तुला देऊन राहिले. आता मे लागला आहे. गावात राहून हे शिकता येईल का, सामान काय घ्यावं, आणि एवढा पैसा पाण्यात तर जाणार नाही ना, असे तुझे तीन सवाल.

शिकता येतं. मी फेकायला शिकलो मस्कतच्या नोकरीत, एका दक्षिण आफ्रिकी सहकाऱ्याच्या मागे लागून. पण हात खरा बसला तो सुट्टीत गावी आल्यावर, अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर. सेशेल्सला तीनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला सहा दिवसांत चार बोनफिश मासे मिळाले. तिसऱ्या खेपेला दुपारच्या डब्याआधीच तेवढे झाले. रॉड तोच होता, रीळ तेच होतं. मधल्या दोन वर्षांत मैदान तेवढं तुडवून काढलं होतं.

तिथला खेळ कसा चालतो ते आधी ऐक. तिकडे 'फ्लॅट' म्हणजे दोन खोल्यांचं घर नव्हे. प्रवाळाच्या कड्याआत पांढऱ्या वाळूचं सपाट मैदान असतं, त्यावर घोट्यापासून मांडीपर्यंत पाणी. भरती चढू लागली की बोनफिश त्यावर येतात आणि वाळूत तोंड खुपसून खेकडे-झिंगे उकरतात. पाणी फारच उथळ असलं तर त्यांच्या शेपट्या वर दिसतात, बांधीत रोवणीनंतर पाण्यावर धानाची पाती डोकावावी तशा. तू पाण्यातून हळू चालतोस, शेजारी गाइड. तो एकदम थांबतो आणि म्हणतो, "अकरा वाजता, पंधरा मीटर, डावीकडे चाललेत." ही घड्याळाची भाषा आहे. तुझं तोंड जिकडे तिकडे बारा. बोटीवर असशील तर बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तिकडे बारा. मासा तोवर चालतच असतो. तुझ्या हातात पाच-सात सेकंद असतात, तेवढ्यात ती फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेली चिमूटभर पिसं, त्याच्या पुढे मीटर-दीड मीटरवर अलगद उतरली पाहिजे. डोक्यावर पडली तर अख्खा कळप उधळतो. मागे पडली तर तिला पाहणाराच कोणी नाही.

बेट, जेवण, बोट, गाइड, सगळं लॉज देतं. हे पाच-सात सेकंद मात्र तुझे तुला घरून घेऊन जायचे आहेत. म्हणून तिसऱ्या सवालाचं उत्तर माझ्याकडून एवढंच: ऑक्टोबर लागेस्तोवर पंधरा मीटरवरच्या घमेल्यावर, वारा चालू असताना, हवेत दोनच झोले देऊन, दहापैकी सहा वेळा फ्लाय पडत असेल तर जा. आठवड्याच्या एकूण खर्चात नवा ट्रॅक्टर येतो, त्यामुळे ही परीक्षा मी हलकी ठेवत नाही. दोस्तांना होकार कळवण्याआधी जुलैअखेर एकदा स्वतःला तपासून घे.

आता फेकीचं. आपल्या गरीत शिशाची गोळी असते, ती दोर ओढून नेते. फ्लायला जवळजवळ वजनच नसतं, म्हणून इथे वजन दोरातच भरलेलं असतं आणि दोरच फ्लायला ओढून नेतो. या दोराला लाइन म्हणतात, नंबर वाढला की ती जड: आठ नंबरच्या लाइनचे पहिले नऊ मीटर साडेतेरा ग्रॅमच्या आसपास भरतात, बारा नंबरचे साडेचोवीसच्या आसपास. रॉडने हे वजन मागे फेकायचं, ते मागे सरळ ताणलं जाईस्तोवर थांबायचं, मग पुढे. बहुतेकांचं सगळं बिघडतं ते या थांबण्यात. मागचं आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण घाई करतो. घाई झाली की चाबकासारखा 'फट्' आवाज येतो. असा आवाज आला की फ्लाय तुटून गेली समज. सुरुवातीला मान वळवून मागे बघत जा, त्यात लाज नाही. दुसरी सवय मनगटाची. गरीला आपण मनगटानं झटका देतो. इथे कोपरापासूनचा हात चालतो, हळू सुरू होतो आणि शेवटी गच्चकन थांबतो. रॉड थांबतो तेव्हाच लाइन सुटते. दम लावून काही होत नाही. आमच्या गावचा पैलवान गडी एकदा हट्टानं रॉड घेऊन उभा राहिला, पाच मिनिटांत लाइन त्याच्याच गळ्यात.

जागा नीट निवड. उन्हाळ्यात बांध्या मोकळ्या दिसतात, मोह होतो, पण धसकटांवर लाइन घासली की तिचं वरचं आवरण सोलून निघतं. मी एक नवी लाइन अशीच आठवड्यात घालवली. शाळेचं मैदान चालेल, तलावाच्या पाळीखालचं, म्हणजे बांधाखालचं, गवत चालेल, सर्वांत बरं म्हणजे तलावाचं पाणीच, कारण पाणी लाइनला जरा धरून ठेवतं आणि उचलताना रॉड आपसूक वाकतो. गळ कापून टाक, टोकाला लाल लोकरीचा छोटा गोंडा बांध. रोज अर्धा तास पुरे. रविवारी तीन तास फेकून खांदा धरण्यापेक्षा रोजचा अर्धा तास कैक पटींनी बरा.

पहिला महिना सकाळी साडेपाच-सहाला, वारा पडलेला असतो तेव्हा. हात बसला की मुद्दाम वाऱ्यात जा. बेटावर वारा नाही असा दिवस क्वचितच मिळतो. आपल्याकडे जून-जुलैत पाऊस उघडल्यावर जो वारा सुटतो तो सरावाला उत्तम. वारा समोरून असला तर पुढची फेक खाली, पाण्याच्या जवळून मार. वारा उजव्या हाताला असला तर लाइन तुझ्याच कानशिलावर येते. अशा वेळी पाठ फिरवून मागची फेकच माशाकडे सोडायची. हे मी घरी शिकलो नव्हतो. पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी फ्लाय कानाच्या पाळीत रुतली. गळाचा उलटा दात चिमट्यानं आधीच चेपलेला होता म्हणून अलगद निघाली, नाहीतर डॉक्टर विमानाच्या अंतरावर. मागच्या आणि पुढच्या दोन्ही फेकींत डावा हात लाइनला नेमक्या वेळी खाली ओढून वेग देतो, त्याला डबल हॉल म्हणतात. तो दुसऱ्या महिन्यात शिक. आधी रॉडशिवाय नुसते हात हलवून ताल बसव, मग रॉड घे.

घमेल्याचा सराव असा करतो. पाच-सहा मीटर लाइन टोकाच्या बाहेर, गोंडा डाव्या हाताच्या चिमटीत, बाकी लाइन पायाशी मोकळी. मैदानात तीन घमेली वेगवेगळ्या अंतरावर पालथी. माझी पुतणी मागे उभी राहून ओरडते, "काका, दहा वाजता, बारा मीटर!" मी वळायचं, चिमूट सोडायची, एक झोला, दुसरा झोला, सोड. घमेल्यावर लोकर पडते तेव्हा 'टप्' असा बारीक आवाज येतो. तो ऐकण्यासाठी पोरं दम धरून बसतात, चुकलं की खो खो हसतात. नंतर पोरीनंच एक सुधारणा काढली: नारळाच्या करवंटीला सुतळी बांधून ती पळत सुटते आणि मला त्या करवंटीच्या पुढे लोकर टाकायची असते. करवंटीवर पडली तरी बाद. चालता मासा म्हणजे हेच, आणि पोरीचा वेग चरत चाललेल्या बोनफिशपेक्षा जास्तच असतो.

आता तुझ्या वीस वर्षांच्या गरीच्या सवयीबद्दल. ती तुझी सर्वांत मोठी अडचण आहे. पाण्यावरचं मोरपीस बुडालं की आपण काडी वर हिसकतो. खाऱ्या पाण्यात असं केलंस तर फ्लाय माशाच्या तोंडातून निघून हवेत जाते. मासा फ्लायच्या मागे येतो, खाली वाकतो, तेव्हा रॉडचं टोक पाण्याकडेच ठेवून डाव्या हातानं लाइन लांब ओढायची. लाइन जड लागेपर्यंत ओढत राहायची. जड लागली की अजून एकदा ओढायची आणि मगच रॉड वर. माझे पहिले सात मासे मी या एका सवयीपायी घालवले. सातव्याला गाइड काही बोलला नाही, नुसती टोपी काढून डोकं खाजवलं. ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

ही सवय मोडायला तलाव कामाचा आहे. चिलापी छोट्या मणीवाल्या फ्लायला झोंबते, आणि मरळ तरंगत्या बेडकासारख्या फ्लायवर तोंड टाकते. मात्र तलाव मच्छीमार संस्थेनं ठेक्यानं घेतलेला असतो. आधी संस्थेच्या माणसांना भेट, परवानगी घे, त्यांच्या जाळ्यांच्या बाजूला जाऊ नको. आपल्या ढिवर बांधवांचं पोट त्या पाण्यावर आहे, आपण हौशी. आणि पावसाळ्यात लालसर पिलांचा घोळका पाण्यावर वळवळताना दिसला तर खाली मरळीची जोडी राखण करत असते. ती रागानं काहीही पकडते, म्हणून सोपी वाटते, पण तिला उचललं की पिलं तासाभरात साफ होतात. तिथून पुढे चालू लाग. नवेगाव-नागझिरा किंवा पेंचच्या जंगलातल्या पाण्यात तर गळ टाकायचा विचारही करू नको, तो सरळ गुन्हा आहे.

डोळ्यांची तयारी लोक करतच नाहीत. बोनफिशचं अंग आरशासारखं असतं, त्यात वाळूच दिसते. आधी दिसते ती खालची सावली, किंवा पाण्यावर चुकीच्या दिशेनं चाललेली बारीक सुरकुती. धुऱ्यावर बसलेला ससा आपल्याला आधी कुठे दिसतो? आधी त्याचा डोळा दिसतो, मग ससा. तसंच हे. पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लागतोच, तांबूस काचेचा घे. दिवाळीच्या सुमारास तलावाचं पाणी निवळतं. निघण्याआधीच्या आठवड्यात तोच चष्मा लावून पाळीवर उभा राहून नुसते मासे शोध. ढगाळ दिवशी तिकडे अनुभवी गाइडलाही अर्धेच दिसतात, त्यामुळे असा दिवस आला तर नशिबाला बोल लावू नको.

सामानाचं थोडक्यात. सरावासाठी नऊ फुटी, चार तुकड्यांचा आठ नंबरचा रॉड घे, मधल्या किमतीचा पुरे. महाग काही घ्यायचं असेल तर लाइन घे, आणि ती गरम पाण्यासाठीचीच. थंड देशांतल्या पाण्यासाठी केलेली लाइन आपल्या उन्हात उकडलेल्या शेवयांसारखी लुळी पडते. रिळाचा ब्रेक बंदिस्त असावा, आत मीठ जाऊ नये, आणि लाइनच्या मागे दीडशे ते दोनशे मीटर बॅकिंगचा दोर असावा. बोनफिश पहिल्याच धावेत शंभर मीटरपर्यंत घेऊन जाऊ शकतो. पुढे नऊ ते बारा फुटांचा लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायच्या मधला बारीक दोर, टोकाला सोळा ते वीस पौंड ताण सोसणारा फ्लोरोकार्बनचा दोर. फ्लाय तिथल्या तिथे घेतलेल्या बऱ्या, पण दोन नावं माहीत असू दे. एक क्रेझी चार्ली, ती १९७० च्या दशकात बहामासमधल्या अँड्रॉस बेटावर जन्मली आणि अजून चालते. दुसरी क्लाउझर मिनो. बारा नंबरचा रॉड विकत घेऊ नको, लॉजचा भाड्यानं मिळतो. दोन गाठी मात्र डोळे मिटून आल्या पाहिजेत, आणि गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली केलीच पाहिजे, कोरडी आवळली की दोर घर्षणानं भाजतो.

बारा नंबर लागतो तो जीटीसाठी, म्हणजे जायंट ट्रेव्हली. हा मासा ७० किलोच्या वर गेल्याची नोंद आहे. फ्लॅटवर मीटरभराचा आला तरी पोटात गोळा येतो. तो शेळ्यांच्या कळपात शिरलेल्या लांडग्यासारखा येतो, बहुतेकदा मोठ्या पाकटाच्या पाठीवरून. इथे अलगद वगैरे काही नाही. समोर टाक आणि दोन्ही हातांत जेवढं बळ आहे तेवढं लांब-लांब ओढ. धरला की लाइन पायाशी कशी पडली आहे हेच बघायचं. मी बघितलं नाही. लाइनचा एक फास सँडलच्या बकलात अडकला होता. एकशेतीस पौंडांचा दोर कडाडला आणि मी पाण्यात बसलो. त्या दिवसापासून बकल नसलेले, जाड तळाचे पाण्यात चालायचे बूट. बोटांना पट्टी किंवा पातळ हातमोजे घाल, नाहीतर लाइन बोट चिरून जाते.

भरती-ओहोटीचं गणित आपल्याला समुद्र नसून येतं, कारण भिंतीवर कालनिर्णय असतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. दोन्ही अष्टम्यांच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. जीटीसाठी बरेच गाइड उधाणाचे दिवस धरतात, कारण फ्लॅटवर जास्त पाणी येतं आणि मोठा मासा आत शिरतो. भांगाच्या दिवसांत बोनफिशला निवांत, लांब वेळ मिळतो. तुमचे सहा दिवस कोणत्या तिथ्यांना येतात ते बघ आणि त्याप्रमाणे अपेक्षा ठेव. नोव्हेंबर मात्र चांगला निवडला आहे. मे ते सप्टेंबर तिथे आग्नेयेचा वारा जोरात असतो, डिसेंबरपासून वायव्येचा पाऊसवारा, मधला हा काळ त्यामानानं शांत. माहे या सेशेल्सच्या मुख्य बेटाहून पुढच्या बेटांवर छोटी विमानं जातात. तुमचं लॉज अल्फोन्स बेटाकडचं असेल तर ते माहेपासून नैर्ऋत्येला चारशे किलोमीटरवर. त्या विमानात सामानाचं वजन काटेकोर मोजतात. लॉजचं पत्रक आल्यावर आधी तेच वाच. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास परवानगी काढावी लागते. गळ आणि चिमटे केबिनच्या पिशवीत ठेवू नको, नागपूरच्या विमानतळावरच काढून घेतील. विमा काढ, त्यात बेटावरून दवाखान्यात न्यायचा खर्च आहे का ते विचारून.

तू विचारलं नाहीस, पण तुझे दोस्त विचारतील: इतकं लांब कशाला, अंदमान नाही का? अंदमानला जीटी आहेत, पण तिथली मासेमारी मुख्यतः बोटीवरून, खोल पाण्यात. पायी उतरून मासा बघून फेकण्याचा हा खेळ तिथे तसा नाही, आणि खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

पाण्यात पाय उचलून टाकू नको, घासत चाल. वाळूत पाकट दडलेला असतो, पायाची चाहूल लागली की निघून जातो, पाय वर पडला तर शेपटीचा काटा मारतो. खडकाळ भागात दगडमासा असतो, म्हणून बुटाचा तळ जाड. शंखाच्या आकाराचं सुंदर काही दिसलं तरी उचलायचं नाही, कोन शंखाचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. उन्हाची तुला सवय आहे असं वाटेल. नाही. आपलं ऊन वरून येतं, तिथलं खालच्या वाळूवरूनही येतं. माझी हनुवटी आणि नाकपुड्यांचा आतला भाग सोलला होता. आपला दुपट्टा चांगला, पण वाऱ्यात फडफडून लाइन धरतो, म्हणून गळ्यापासून नाकापर्यंत घट्ट बसणारं नळीसारखं कापड घे.

मासा पाण्यातच धर, हात ओले करून, फोटोला दोन सेकंद वर, मग तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः जोर लावेस्तोवर आधार दे. शार्क जवळ असेल तर ओढाताण लांबवू नको, दमलेला मासा सोडला की शार्क लगेच उचलतो. माझ्या आईनं पहिल्या खेपेनंतर फोटो बघून विचारलं होतं, "एवढे पैसे देऊन धरला, अन् सोडून दिला? मंग खाल्लं काय?" लॉजवर ट्यूना मिळतो, असं सांगितलं. तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही पुरतं पटवता आलं नाही.

येत्या रविवारी सहाच्या आत ये. माझा जुना आठ नंबर आहे, तो ऑगस्टपर्यंत तुझ्याकडे ठेव. रॉड विकत घेण्याची घाई करू नको, आधी लाइन मागव. येताना घरून दोन घमेली आण. माझ्याकडचं एक फुटलं आहे, आणि पुतणीला सुट्ट्या लागल्या आहेत.